तोच म्हणून देणेकरी

आईच्या माहेरच्या जमिनीला वारस म्हणून तिचं नाव लावायचं होतं. अडचण घरोघरची, जुनीच. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव रेखलं गेलं आणि त्यानंतर जुन्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून संपली. कागदावर मात्र ती मुलगी अजून शाबूत होती. 'ही म्हातारी म्हणजे तूच' असं तिला गाठून तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. कणकवलीला एका टायपिस्टाने दहा मिनिटांत प्रतिज्ञापत्र करून दिलं: वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. आईने अंगठा उमटवला. सही येते तिला, पण हल्ली हात थरथरतो. कागद वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नाव बदललां. मी खय बदललंय?"

बरोबर माझा भाचा होता. तो तत्त्वज्ञान घेऊन बाहेरून बी.ए. करतो आहे. नांदगाव तिठ्यावर उतरल्यावर तो म्हणाला, "मामा, मी तीन दिस ह्याच लिवतंय. त्या टायपिस्टान एका वाक्यात संपवल्यान."

त्याला निबंध लिहायचा होता: काळ लोटला तरी माणूस तोच राहतो, तो कशामुळे? मी त्याची वही मागून घेतली. वहीत सगळं होतं. लॉक होता, ह्यूम होता, नागसेन होता, आणि शेवटी हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे असा निरोपही होता. वाचताना लग्नातल्या आहेराची वही आठवली. लॉक यांजकडून स्मृती, ह्यूम यांजकडून संवेदनांचं गाठोडं, नैयायिकांकडून आत्मा एक नग. लग्न कोणाचं, ते मात्र शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही.

हा त्याचा एकट्याचा दोष नव्हे. आपल्याकडे तत्त्वज्ञान शिकवतात ते मतांचा इतिहास म्हणून. कोण काय म्हणाला हे पाठ करायचं. तो तसं का म्हणाला, म्हणताना त्याची कुठे कोंडी झाली, आणि आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे विचारायला सवडच नसते. मे. पुं. रेगे यांचं मराठी गद्य मला मोलाचं वाटतं ते यासाठी. त्यांच्या वाक्यात विचार चालताना दिसतो, ठेच लागलेलीही दिसते. १९८३ साली पुण्यात शास्त्री-पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवून, रसेलने मांडलेली विधानाची कल्पना संस्कृतात नैयायिकांपुढे ठेवायची आणि ते काय आक्षेप घेतात ते ऐकायचं, असा जो संवाद झाला त्यात रेग्यांचा पुढाकार होता. तिथे मतांची यादी वाचून भागणार नव्हतं. समोरचा शास्त्री पहिल्याच वाक्याला अडवणार होता.

आमच्या ओटीवर शास्त्री नव्हता. मीच अडवायचं ठरवलं. पुढचा दीड महिना दिवेलागणीनंतर आम्ही दोघे बसत होतो, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं: तत्त्वज्ञान वाचायला-लिहायला शिकायचं असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. ईश्वर आहे का, जग खरं आहे का, या प्रश्नांपाशी माणूस येतो तो आधीच हात जोडून नाही तर मुठी आवळून. 'मी तोच का?' या प्रश्नापाशी तो मोकळ्या हाताने येतो. आणि त्याचा माल प्रत्येक घरात पडलेला असतो.

पहिली संध्याकाळ 'तोच' या एका शब्दात गेली. 'तुझ्या अंगावर आहे तोच शर्ट मी कणकवलीला दुकानात पाहिला' आणि 'तोच शर्ट तू कालही घातला होतास' या दोन वाक्यांत 'तोच' एकच, पण काम दोन. पहिल्यात दोन शर्ट आहेत आणि ते सारखे आहेत. दुसऱ्यात शर्ट एकच आहे. 'तो आता पूर्वीचा राहिला नाही' असं आपण दारू सुटलेल्या माणसाबद्दल म्हणतो तेव्हा सारखेपणा गेलेला असतो, माणूस तोच असतो. म्हणून तर कौतुक करायला कोणीतरी उरतं. पाठ्यपुस्तकांतली 'व्यक्तिगत तादात्म्य' वगैरे जडशीळ नाणी बाजूला ठेवून 'तोच' या शब्दाशी झटलं तर निम्मं काम होतं. भाच्याच्या वहीत हे दोन 'तोच' अकरा ठिकाणी एकमेकांत मिसळले होते. मी लाल पेनाने खुणा केल्या. तो रागावला, मग त्याने बारावी जागा स्वतःच शोधली.

मग घर. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, नळ्यांचं. दर उन्हाळ्यात नळे परतायचे, फुटके काढून नवे घालायचे. पुढे भिंती चिऱ्यांच्या झाल्या, नळे जाऊन मंगलोरी कौलं आली, एका वर्षी वासे बदलले, एका वर्षी खांब. जुनं लाकूड वडिलांनी टाकलं नाही, त्यातून मागे गोठा उभा केला. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे, त्यात फळ्या एकेक करून बदलत जातात. १६५५ साली हॉब्जने तिला शेपूट जोडलं: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर जहाज कुठलं? आमच्या परसात हॉब्जचं कोडं शेण-मुतासकट उभं होतं. भाचा म्हणाला, "घर हयच आसा, पण जुनां घर गोठ्यात गेलां." उत्तर सुंदर आहे. पण त्यात 'घर' हा शब्द एकदा जागेसाठी आला आणि एकदा लाकडासाठी. आम्ही ते तिथेच सोडलं, कारण घराला स्वतःचं मत नसतं. आपण ओटी आहोत की गोठा, या काळजीने घराची झोप उडत नाही. आमच्या तिठ्यावरचा हमरस्ता सतरा नंबरचा होता, तो सहासष्ट झाला, चौपदरी झाला. रस्ता तोच का, हे आपण आपल्या सोयीने ठरवतो. माणसाच्या बाबतीत सोय पुरते का, हा खरा पेच.

आणि इथे आम्ही तोतयाकडे वळलो.

मराठीत 'तोतया' असा नेमका शब्द रुजलेला असताना आपले प्राध्यापक उदाहरणाला लंडनची माणसं का शोधतात, मला कळत नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. एक शव अंगावरच्या खुणांवरून त्यांचं म्हणून ओळखलं गेलं, पण पुण्यात कोणी ते पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हं घेतली नाहीत. काही वर्षांत 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उगवला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण, असं पुण्याचं म्हणणं. त्याला पकडून या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरवत शेवटी रत्नागिरीला डांबलं. १७७६ मध्ये तिथल्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला सोडवलं आणि हेच खरे भाऊसाहेब असं जाहीर केलं. हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. आम्ही १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातलेच, तेव्हा हे बंड म्हणजे आमच्या जुन्या जिल्ह्याच्या गावचं प्रकरण. पुढे पराभव झाला, पळताना राघोजी आंग्र्यांनी त्याला धरलं, पुण्यात चौकशी झाली आणि ते वर्ष संपण्याआत त्याला देहान्त दिला. न. चिं. केळकरांनी या विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

भाच्याने लिहिलं: चौकशी करणाऱ्यांनी शरीर हा निकष मानला, परांजप्यांनी मनोमन विश्वास हा निकष मानला. मी म्हटलं, थांब. पुण्यात जे विचारलं गेलं ते असं: हा भाऊ आहे, हे कशावरून? चेहरा, आवाज, जखमांचे वण, घरातल्या गोष्टी ठाऊक आहेत का, हे सगळे पुरावे. आपला प्रश्न वेगळा: कोणी भाऊ असतो, तो कशामुळे? ताप आहे हे काचनळीतल्या पाऱ्यावरून कळतं, पण पाऱ्यामुळे ताप येत नाही. 'कशावरून' आणि 'कशामुळे' यांची गल्लत हा या विषयातला सर्वांत मोठा खड्डा आहे, आणि छापील पुस्तकं लिहिणारेही त्यात आडवे झालेले मी पाहिले आहेत. भाच्याने सगळा निबंध या चाळणीतून काढला. आठ पानांची साडेतीन उरली.

आता तोतयाची गोष्ट थोडी वाकवू. समजा, पानिपताच्या दुसऱ्या दिवशी सुखनिधान जागा झाला तेव्हा त्याच्या डोक्यात भाऊंच्या साऱ्या आठवणी होत्या. शनिवारवाड्यातली दारं, उद्गीरची लढाई, पार्वतीबाईंशी झालेलं एखादं खाजगी बोलणं, आणि स्वतःच्या कनोजी बालपणाची एकही नाही. चौकशीत त्याने प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं असतं. पुरावे कितीही वाढवले तरी उपयोग नव्हता, कारण आता काहीच लपलेलं नाही. देह याचा, आठवणी त्याच्या, हे सगळ्यांना मान्य. तरी प्रश्न उरतोच: हा भाऊ का? पंचांचं काम संपतं तिथे आपलं सुरू होतं.

जॉन लॉकने १६९४ मध्ये, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, राजपुत्राचं मन चांभाराच्या देहात शिरल्याची कल्पना मांडली ती याच जातीची. माणूस म्हणून तो चांभारच, पण व्यक्ती म्हणून राजपुत्र, असा त्याचा निवाडा. जाणीव जिथवर मागे पोचते तिथवर व्यक्ती तीच. भाच्याला ही फोड कृत्रिम वाटली. मी विचारलं, देवळात कोणाच्या अंगात देवाचा अवसर येतो तेव्हा आपण काय करतो? वर्षभर ज्याला अरे-तुरे करतो त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. तो जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्या तोंडावर मारत नाही. "काल तू असा बोललंस" असं कोणी म्हणत नाही, कारण बोलला तो 'तो' नव्हता. देहाने तोच, जाब विचारायला मात्र तो नाही. लॉकने व्यक्ती हा शब्द न्यायनिवाड्याचा आहे असं म्हटलं, तेच गावऱ्हाटीला ग्रंथ न वाचता ठाऊक होतं. हे उदाहरण लॉकला मिळालं असतं तर त्याने चांभाराला त्रास दिला नसता.

पण लॉकचं मत आपल्याला आवडलं म्हणून टिकत नाही. १७८५ मध्ये टॉमस रीडने एक शिपाईगडी उभा केला. लहानपणी बागेत चोरी केल्याबद्दल त्याने मार खाल्ला, तरुणपणी शत्रूचं निशाण हिसकावलं, म्हातारपणी तो सेनापती झाला. निशाण घेताना त्याला मार आठवत होता. सेनापती असताना निशाण आठवतं, मार अजिबात आठवत नाही. लॉकच्या नियमाने मुलगा म्हणजे तरुण, तरुण म्हणजे सेनापती, पण मुलगा म्हणजे सेनापती नव्हे. असं होऊच शकत नाही. हा आक्षेप मी भाच्याला वाचू दिला नाही, फक्त गोष्ट सांगितली, बाग देवगडच्या हापूसची केली, आणि कुठे बिघडतं ते शोध म्हटलं. त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो दुरुस्तीही घेऊन आला. सुंभात एकही काथ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, तरी सुंभ एकच असतो. एक आठवण मागच्या आठवणीला, ती तिच्या मागचीला, असा पीळ बसला की पुरे. विट्गेनस्टाइनने धाग्याचा असाच दृष्टान्त दुसऱ्या कामासाठी वापरला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. त्याला तो सुंभ परसात सापडला होता, तिथेच असू दे.

सुंभ मात्र दोन टोकांना फाटू शकतो. समजा, भाऊंच्या आठवणी घेऊन एक सुखनिधान रत्नागिरीत उठला आणि दुसरा इंदूरला. दोघांचा पीळ सारखाच पक्का. दोघेही भाऊ असू शकत नाहीत, कारण ते दोन आहेत. आणि एकाला निवडायला आधार नाही. बर्नर्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने गाय फॉक्सला घेऊन हीच कोंडी केली. डेरेक पारफिटने १९८४ मध्ये तिच्यातून बाहेर पडताना म्हटलं की मग 'तोच' असणं एवढं महत्त्वाचं मानूच नका, पीळ चालू राहतो एवढं पुरे. पार्वतीबाईंना हे सांगायची माझी हिंमत नाही.

याच विल्यम्सचा १९७० चा एक लेख लिहायला शिकणाऱ्याने वाचलाच पाहिजे. तो एकच प्रसंग दोनदा सांगतो. पहिल्यांदा आपण ऐकतो: भाऊंच्या आठवणी सुखनिधानाच्या देहात गेल्या. मन चटकन म्हणतं, म्हणजे भाऊ तिकडे गेले. मग तो सुखनिधानाच्या कानाशी येतो आणि म्हणतो (हे शब्द माझे): उद्या तुझ्या सगळ्या आठवणी पुसणार आहोत, मग तुझ्या डोक्यात दुसऱ्याच्या भरणार, आणि नंतर तुला हत्तीच्या पायी देणार. सुखनिधान काय म्हणेल? 'मग ठीक, तेव्हा तो मी नसेन'? त्याची बोबडी वळेल. घटना तीच, बदललं ते सांगणाऱ्याचं तोंड. भाच्याने हे वाचलं आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, म्हणजे उदाहरणां पण खोटा बोलतत." खोटं बोलत नाहीत, पण ओढतात. आपण कोणाच्या बाजूला बसून प्रसंग लिहिला हे प्रत्येक वेळी तपासायचं, आणि मग उलट्या बाजूला बसून पुन्हा लिहायचा. आपल्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. हल्ली तो लिहितात तो शेजाऱ्याची बदनामी केल्यासारखा. पूर्वपक्ष असा हवा की विरोधकाने वाचून खाली सही करावी.

म्हणून मी भाच्याला नैयायिक आणि बौद्ध दोघांच्या बाजूने एकेक पान लिहायला लावलं. न्यायसूत्रांत एक चवदार युक्तिवाद आहे. आंबट फळ डोळ्यांनी दिसतं आणि पाणी जिभेला सुटतं. पाहणारा आणि चाखणारा वेगवेगळे असते तर जिभेला काय पडलं होतं? दोन्हींचा मालक एक हवा. चैत्रात कैरीच्या फोडीला मीठ-तिखट लावलेलं समोर ठेवून हे वाचावं, लगेच पटतं. बौद्ध पक्षाला भाच्याने समई दिली. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच का, हा नागसेनाने मिलिंद राजाला घातलेला प्रश्न. तीही नव्हे, निराळीही नव्हे. एक ओघ आहे. पाणी सुटायला मालक कशाला, आधीच्या क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणाला मिळाला की झालं. दोन्ही पानं वाचून मला तो कोणाच्या बाजूचा आहे ते ओळखता आलं नाही. त्या दिवशी मी लाल पेन आणलं नाही.

इतकं झाल्यावर त्याने मला अडवलं. "तुमचा काय ता सांगा." रास्त होतं. मी एक परिच्छेद लिहून काढला. त्याचा आशय असा. 'तोच' हा निवाडा माणसाच्या आत कुठे कोरलेला नसतो. तो आपल्या देण्याघेण्यात असतो. कर्ज कोणी फेडायचं, नवस कोणाकडून येणं आहे, शिक्षा कोणाला, श्राद्ध कोणाचं, सातबाऱ्यावर कोण. आपण समजतो की माणूस तोच म्हणून देणेकरी. खरं उलटं आहे: देणेकरी म्हणून तोच. आई माहेरच्या मुलीचा वारसा मागते आणि तिच्या वतीने अंगठा उमटवते, सगळे ते मान्य करतात, त्या मान्यतेतच त्या दोघी एक होतात. अवसर आलेल्याला कोणी जाब विचारत नाही म्हणून तो 'तो' नसतो. मला हा परिच्छेद आवडला होता. दोनदा मोठ्याने वाचला.

भाचा दुसऱ्या दिवशी आला तो माझाच तोतया घेऊन. "लोकांनी मानल्यार तो भाऊ जाता, तर रत्नागिरीत तो भाऊच होतो. परांजप्यान मानल्यान, फौजेन मानल्यान, किल्ले दिल्यानी. मग बंड हरला म्हणान तो सुखनिधान झालो?"

मी म्हटलं, त्यांनी फसून मानलं, फसून मानलेलं धरायचं नाही. तो म्हणाला, फसले कशात? तो भाऊ आहे की नाही यातच ना? म्हणजे तो भाऊ नव्हता हे मानण्याच्या आधीच ठरलेलं होतं. मग ते कशामुळे ठरलं?

१७३६ मध्ये बिशप बटलरने लॉकला जे ऐकवलं होतं त्याची ही धाकटी बहीण. स्वतःच्या आठवणीला 'माझी' म्हणायचं तर मी आधीच तोच असावा लागतो; आठवण त्याला घडवू शकत नाही. मी आठवणीच्या जागी मान्यता बसवली आणि त्याच रहाटाला लागलो. मी तीन दुरुस्त्या करून पाहिल्या. मान्यता गावाची नको, जवळच्यांची धरू म्हटलं; त्याने पार्वतीबाई आणि परांजपे आमनेसामने बसवले. मान्यता दीर्घकाळ टिकलेली हवी म्हटलं. त्याने विचारलं, किती वर्षं, आणि तोवर तो कोण? तिसरी मी त्याला दाखवली नाही, रात्री स्वतःच फाडली.

त्याचा निबंध गेला. चार पानं, एकच प्रश्न, शेवटी उत्तर नाही, पण कुठल्या उत्तराला काय किंमत पडते ते स्पष्ट. आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं: माहेरचं, मग 'ऊर्फ', मग सासरचं. तो कागद तिने देवाच्या फळीवर ठेवला आहे. माझ्या वहीतला परिच्छेद आडव्या रेघेने खोडलेला आहे, आणि समासात भाच्याच्या अक्षरात दोन शब्द: "कशामुळे, मामा?"